गुडघा बदलायचा, मग हृदयाच्या रक्ततपासण्या कशाला? (अनुभव हवेत)

रामबागची_मेधा
६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

आई ७१ वर्षांची. उजवा गुडघा पार गेलाय, डावा त्याच वाटेवर. आमचं घर इंदूरला रामबागेत, जुनं, वरच्या मजल्यावर. गेलं वर्षभर आई जिना उलटी उतरते. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर, एक पायरी, थांबायचं, मग दुसरी. खाली पोचली की पदराने चष्मा पुसते आणि म्हणते, "झालं गं, आले." शेवटी ऑपरेशनला तयार झाली. दोन्ही गुडघे एकदमच उरकून टाका असा तिचाच हट्ट.

हाडांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. साखर बारा वर्षं गोळ्यांवर, बीपी आटोक्यात, ईसीजी चांगला. मग भुलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दोन रक्ततपासण्या वाढवल्या: एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन. पहिला आला ४१२. रिपोर्टवर ठळक अक्षरांत, पुढे बाण. दुसरा १७, तोही किंचित जास्तच. आता म्हणतात आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, मग बघू.

मामाचं मत, "गुडघ्याचं दुखणं आणि हृदयाचं बिल." आई दोन दिवस गप्प आहे. तिला वाटतंय तिच्यापासून काहीतरी लपवलं जातंय.

रक्तावरून खरंच कळतं का, की ऑपरेशननंतर हृदयाला त्रास होईल? कुणाला असा अनुभव? ऑपरेशन पुढे ढकलावं का?

---

खवय्या५६
६ नोव्हेंबर, रात्री १०:०५

इंदुरात नुसते पोहे मागितले तरी सेव, जिरावण, कांदा, लिंबू सगळं विचारतात. डॉक्टरही शेवटी इथलेच.

(दिवा घ्या. आईंना शुभेच्छा.)

---

शंकेखोर
६ नोव्हेंबर, रात्री १०:३१

मामांशी शंभर टक्के सहमत. माझ्या सासऱ्यांचा गुडघा झाला तेव्हा पॅकेजची छापील यादी हातात दिली होती आणि बिल त्याच्या दीडपट आलं. वाढलेल्या ओळी वाचल्या तर निम्म्या "इन्व्हेस्टिगेशन". एकाही तपासणीमुळे एकही गोष्ट बदलली नव्हती. रिपोर्ट फाइलमध्ये, फाइल पिशवीत, पिशवी माळ्यावर.

माझी कसोटी साधी आहे. तपासणी सांगणाऱ्याला विचारा, "हा आकडा जास्त आला तर तुम्ही काय वेगळं कराल?" उत्तर आलं नाही तर तपासणी नको.

---

भूलचूक
७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी भूलतज्ज्ञ. शिक्षण इंदूरलाच झालं, आता दुसऱ्या गावी असतो. शंकेखोर यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्याच्याकडे येतो. आधी मेधाताईंचा.

मेधाताई, तुम्ही आईंच्या जिन्याचं जे लिहिलंय ना, सगळी गोम तिथेच आहे. ऑपरेशनआधी हृदयाचा अंदाज घ्यायला आम्ही पिढ्यान् पिढ्या एकच प्रश्न विचारत आलो: दोन जिने न थांबता चढता का? दम लागतो का? छातीत भरून येतं का? गुडघ्याच्या पेशंटला हा प्रश्न विचारून उपयोग शून्य. हृदय थकायच्या आधी गुडघाच त्यांना थांबवतो. गेली चार वर्षं ज्यांनी हृदयाला कामालाच लावलं नाही, त्यांचं हृदय तक्रार कधी करणार? ईसीजी काढतो तोही पडल्या पडल्या, आरामात. म्हणून तो चांगला येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

एनटी-प्रोबीएनपी हा पदार्थ हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी रक्तात सोडतात. त्याला चालून दाखवावं लागत नाही, म्हणून गुडघेवाल्यांच्या बाबतीत तो कामाचा. कॅनडाच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली तसं लिहूनच दिलं: वय ६५ च्या पुढे असेल, किंवा त्याआधीही हृदयाचा जोखमीचा इतिहास असेल, तर अशा ऑपरेशनआधी ही तपासणी करा. ३०० किंवा वर आली तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) बघा. युरोपच्या २०२२ च्या शिफारशीही ट्रोपोनिन आधी एकदा, मग २४ आणि ४८ तासांनी बघायला सांगतात.

आता ४१२ चा अर्थ. हृदयाव्यतिरिक्त इतर ऑपरेशनं झालेल्या १०,४०२ लोकांचा एक मोठा अभ्यास २०२० साली छापून आला. १०० च्या खाली आकडा असलेल्यांत साधारण ५ टक्के लोकांना महिनाभरात हृदयाला इजा किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू, अशी एकत्र मोजणी. १०० ते २०० मध्ये १२ टक्के. २०० ते १५०० मध्ये २१ टक्के. १५०० च्या वर ३७ टक्क्यांहून जास्त.

२१ हा आकडा वाचून घाबरू नका. हे २१ मृत्यू नाहीत. त्यातला फार मोठा भाग म्हणजे नुसतं रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं दिसणं, पेशंटला काही जाणवलेलंही नसतं. शिवाय त्या अभ्यासात सगळ्या प्रकारची ऑपरेशनं होती, फक्त गुडघे नव्हेत.

ओटीला उशीर होतोय. बाकी संध्याकाळी.

---

जुना_होळकर
७ नोव्हेंबर, सकाळी ८:१२

डॉक्टर, दंडवत. जिन्याचा मुद्दा आजवर कुणी सांगितला नव्हता. माझे गुडघे बघून सगळे म्हणायचे, हृदय एकदम ठणठणीत. आता कळलं, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

---

लॅबवाली
७ नोव्हेंबर, दुपारी २:२०

पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी.

रिपोर्टवर बाण आला कारण छापलेली मर्यादा बहुधा १२५ असेल. ती दम लागणाऱ्या माणसाला "हार्ट फेल्युअर नाही ना" हे बघण्यासाठीची आहे. डॉक्टर सांगताहेत ती ३०० ची रेघ ऑपरेशनच्या जोखमीची. दोन्ही वेगळ्या. बाण बघून रडत आलेली माणसं मी रोज बघते. बाण मशीन मारतं, त्याला पेशंट माहीत नसतो.

दुसरं, हा आकडा नुसत्या हृदयाचा नसतो. वय वाढलं की वाढतो, किडनी मंद असेल तर वाढतो, नाडी अनियमित असेल तर चांगलाच वाढतो. आणि जाड माणसांत उलट कमी येतो. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) शेजारी ठेवल्याशिवाय एकटा वाचू नका.

ट्रोपोनिनबद्दल: टी आणि आय असे दोन असतात, त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नाहीत. आधीचं ज्या लॅबमध्ये ज्या मशीनवर केलं, नंतरचंही तिथेच करा. नाहीतर वाढला की मशीन बदललं, हेच कळत नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर सांगा. काही मशीनवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर सूचना काढली होती.

---

रामबागची_मेधा
७ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

आई चांगली ८२ किलोची आहे. म्हणजे ४१२ हा कमीच आलेला आकडा?? आणि बायोटिन मी घेते, आई नाही. तिच्या वेणीला अजून काही कमी नाही.

क्रिएटिनिन ०.९ आहे. ट्रोपोनिनपुढे "टी, हाय सेन्सिटिव्ह" असं लिहिलंय.

---

लॅबवाली
७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

किडनी चांगली, म्हणजे तिथून वाढलेला नाही. जाडीचं म्हणाल तर असा हिशोब करत बसू नका, वजाबाकी-बेरीज करून खरा आकडा निघत नसतो. हाय सेन्सिटिव्ह टी मध्ये १४ ही नेहमीची वरची मर्यादा. सत्तरीत आणि जुन्या साखरेत १७ पुष्कळ दिसतो. पण तो लिहून ठेवा. नंतरचा आकडा याच्याशी ताडायचा आहे. आधीचा नसेल तर नंतरचा लंगडा.

---

खवय्या५६
७ नोव्हेंबर, दुपारी ४:००

बीएनपी मधला बी म्हणजे ब्रेन ना? हृदयाच्या तपासणीत मेंदू कसा घुसला? घोटाळा इथेच आहे मामा!

---

भूलचूक
७ नोव्हेंबर, रात्री ९:१५

खवय्या, हसू नका, खरंच मेंदू आहे. १९८८ साली जपानमध्ये हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो डुकराच्या मेंदूत. नाव तिथेच चिकटलं. नंतर कळलं की खरा कारखाना हृदयात आहे. तोवर बारसं होऊन गेलं होतं.

---

सुधाकाकू
७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मेधा, मी तुझ्या आईच्याच वयाची. माझं ऐक.

सहा वर्षांपूर्वी माझे दोन्ही गुडघे एकदम झाले. गाव आणि दवाखाना सांगत नाही. ऑपरेशन झकास. दुसऱ्या दिवशी पाठीतल्या नळीतून दुखण्याचं औषध चालू होतं, त्यामुळे गुडघ्यातही दुखत नव्हतं. नुसतं कसंतरी होत होतं. घाम आला, तोंडाला चव नव्हती, चहाचा वास नकोसा झाला. मला जन्मात चहा नकोसा झालेला नाही, म्हणून सुनेला वाटलं काहीतरी बिनसलंय. सिस्टर म्हणाली, "गॅस झाला असेल, मावशी, काल काही खाल्लं नाही ना." ओव्याचं पाणी दिलं. बरं वाटलं. म्हणजे मला वाटलं की वाटलं.

पाचव्या दिवशी घरी आले. तीन आठवड्यांनी पायांवर सूज, रात्री आडवं झालं की दम. मग इको झाला आणि ते डॉक्टर म्हणाले, "आजी, तुम्हाला मध्ये कधीतरी अॅटॅक येऊन गेलाय." छातीत दुखलं होतं का विचारलं. नाही हो, एकदाही नाही! दुखणार कसं, दुखण्याच्या औषधावरच तर ठेवलं होतं.

तेव्हा ट्रोपोनिन-बिपोनिन कुणी केलं नाही. केलं असतं तर काय झालं असतं, देव जाणे. पण आता सहा गोळ्या रोज आणि मीठ बंद. लोणचं नुसतं बघते.

---

चौकस
७ नोव्हेंबर, रात्री ११:०२

काकू, वाचून काटा आला.

---

भूलचूक
८ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

काकूंनी जे लिहिलं ते पुस्तकात घालण्यासारखं आहे. सुमारे २२ हजार पेशंटच्या एका अभ्यासात (२०१७, त्यात भारतातलेही होते) ऑपरेशननंतर ट्रोपोनिन वाढून हृदयाला इजा झाल्याचं दिसलं, त्यांतल्या ९३ टक्के लोकांना कसलंही लक्षण जाणवलं नव्हतं. शंभरातले त्र्याण्णव! ओपिऑइड (अफूच्या जातीची वेदनाशामकं), पाठीतली नळी, उरलेली गुंगी, आणि "ऑपरेशन झालंय, असं होणारच" ही सगळ्यांची समजूत. या चार पडद्यांमागे अॅटॅक येऊन जातो. येतो तो बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच. रक्त गेलेलं, हिमोग्लोबिन उतरलेलं, नाडी जोरात, बीपी कधी खाली. हृदयाचं काम वाढतं आणि त्याला मिळणारा ऑक्सिजन घटतो.

पूर्वी सीपीके-एमबी ही स्नायूंमधल्या एन्झाइमची तपासणी करायचे. हाड आणि स्नायू कापल्यावर सीपीके आभाळाला भिडतो, एमबीही थोडा चढतो, मग काय समजायचं? या ट्रोपोनिनचं तसं नाही. स्नायू कितीही कापले तरी तो प्रामुख्याने हृदयाचंच सांगतो. हाडांच्या ऑपरेशनमध्ये त्याची किंमत त्यामुळेच आहे.

---

शंकेखोर
८ नोव्हेंबर, सकाळी ९:२५

काकू, तुमचं वाचून मी माझा पहिला प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

डॉक्टरसाहेब, माझा प्रश्न तुम्ही शिताफीने टाळताय. आकडा वाढला. बरं. मग? मी थोडं वाचलंय. २००८ चा तो मोठा प्रयोग, आठ हजारांवर पेशंट, ऑपरेशनच्या काही तास आधी नाडी मंद करणारी गोळी सुरू केली. हार्ट अॅटॅक कमी झाले आणि मृत्यू वाढले! पक्षाघात दुप्पट! म्हणजे हृदय वाचवायला गेले आणि माणूस गेला. आकडा बघून हात शिवशिवणारे डॉक्टर हीच माझी भीती आहे.

---

बडोद्याचा_बाळू
८ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

शंकेखोरांना अनुमोदन. आमच्या बडोद्यात तर लोक शेव-उसळ खाऊन थेट लॅबमध्ये जातात आणि लिपिड बघून रडतात.

अवांतर: २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा आणली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी ठरला. त्याआधी त्याच सांध्याचे किती लावायचे ते विचारू नका. तेव्हापासून दवाखान्यांनी बाकीच्या ओळी लांबवल्या असा माझा संशय आहे. संशयच, पुरावा नाही.

---

खवय्या५६
८ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

शेव-उसळ ही पोह्यांपुढे कुठे उभी राहत नाही भिया. विषय संपला.

---

बडोद्याचा_बाळू
८ नोव्हेंबर, सकाळी ११:३४

वाफेवरचे पिवळे पोहे गाडीवर सकाळपासून घाम गाळत बसलेले असतात. त्यांचंच ट्रोपोनिन करा आधी.

---

व्यवस्थापक
८ नोव्हेंबर, दुपारी १२:००

पोहे विरुद्ध शेव-उसळ हा धागा पाककृती विभागात आधीच ३४० प्रतिसादांवर आहे. कृपया तिकडे.

---

भूलचूक
८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

शंकेखोर, टाळत नाही, रात्रीची वाट बघत होतो. तुम्ही सांगितलेला प्रयोग बरोबर आहे आणि आम्ही सगळे त्यातून शिकलो. बीटा ब्लॉकर (तीच नाडी मंद करणारी गोळी) आधीपासून चालू असेल तर तोडायचा नाही, पण ऑपरेशनच्या दिवशी नव्याने सुरू करायचा नाही. २०१४ मध्ये अॅस्पिरिनचंही तसंच झालं. दहा हजार लोकांत सरसकट देऊन बघितली, अॅटॅक टळले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणजे आकडा बघून सगळ्यांना गोळ्या वाटायच्या, हा मार्ग नाहीच.

मग काय वेगळं करतो? मी काय करतो ते सांगतो. आकडा वर असेल तर दोन्ही गुडघे एकदम करू देत नाही. हाडांचे डॉक्टर चिडतात, चिडू दे. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी भरून काढतो. बीपीच्या काही गोळ्या त्या सकाळी देत नाही. टेबलावर बीपी खाली जाऊ देत नाही. नंतर पेशंटला थेट जनरल वॉर्डात न पाठवता एक रात्र नजरेखाली ठेवतो. हे सगळं कंटाळवाणं काम आहे, जाहिरातीत येत नाही.

नंतर ट्रोपोनिन वाढलाच तर लगेच ईसीजी. दुसरं कारण नाही ना ते बघायचं, म्हणजे फुप्फुसात गुठळी, जंतुसंसर्ग, किडनी. रक्त कमी असेल तर ते. मग हृदयाचे डॉक्टर. पुढे बहुतेकांना अॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी). इथे अॅस्पिरिन का, तर आता इजा दिसलेली असते. २०१८ मध्ये अशा १,७५४ लोकांवर दाबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा प्रयोग झाला. पुढच्या काळात मोठे त्रास झाले ते ११ टक्क्यांना, खोटी गोळी घेणाऱ्यांत १५. फरक आहे, प्रचंड नाही. प्रत्येकाला ती देत नाहीत.

---

शंकेखोर
८ नोव्हेंबर, रात्री १०:२०

हे उत्तर आवडलं. विशेषतः हाडांचे डॉक्टर चिडतात ते.

---

चौकस
९ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

एक शंका. वडिलांचा गुडघा झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरातल्या दाहाची तपासणी) १४० आला होता. भाऊ रात्री दोनला दवाखान्यात धावला. डी-डायमरही (गुठळ्यांची तपासणी) वाढलेला. हे पण हृदयाचे मार्कर ना?

---

लॅबवाली
९ नोव्हेंबर, दुपारी १:१०

भावाला सांगा, झोपला असता तरी चाललं असतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सीआरपी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतो. कापलंय, ठोकलंय, सिमेंट भरलंय, शरीर बोंबलणारच. तो पुढे उतरतोय की परत चढतोय, तेवढं बघायचं, तेही जंतुसंसर्गासाठी. डी-डायमर तर कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर वाढतोच. त्या दिवसांत त्याच्यावरून हृदयाचं भविष्य सांगणं म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाची नाडी बघून ताप आहे म्हणणं.

---

रामबागची_मेधा
११ नोव्हेंबर, रात्री ८:३०

सगळ्यांचे खूप आभार. इथलं वाचून मी भुलीच्या डॉक्टरांना शंकेखोरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते हसले, खुर्ची ओढली आणि पंधरा मिनिटं बोलले. वहीत चित्र काढून दिलं.

इको झाला. पंपिंग ५८ टक्के, म्हणजे चांगलं. पण हृदय सैल व्हायला थोडं कुरकुरतं, पहिल्या पायरीचं. जुन्या बीपीमुळे म्हणाले. खरी गोष्ट वेगळीच निघाली: हिमोग्लोबिन ९.४. पहिल्या रिपोर्टमध्येच होतं, पण ४१२ पुढच्या बाणाकडे बघता बघता आम्ही ते वाचलंच नाही. लोह कमी. सलाईनमधून लोह देणार, पाच आठवडे थांबणार आणि एकच गुडघा.

मामा म्हणाला, "म्हणजे ४१२ चा काही उपयोग नाही झाला ना?" मी म्हटलं, मामा, तुम्ही धाग्यावर या.

---

जुना_होळकर
११ नोव्हेंबर, रात्री ९:००

थांबायचं ठीक आहे, पण थांबण्याचीही किंमत असते. माझ्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं, एवढ्या तपासण्या करत बसले की पाचवा दिवस उजाडला. पाठीला जखमा झाल्या.

---

भूलचूक
११ नोव्हेंबर, रात्री ११:१५

होळकर काका, तो मुद्दा फार महत्त्वाचा. झिजलेला गुडघा पाच आठवडे थांबतो. मोडलेला खुबा थांबत नाही. तिथे एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हायला हवं. इकोसाठी रांगेत ठेवून काही कमवत नाही, उलट गमावतो. रक्त घ्या, आकडा लिहून ठेवा, पण ओटीत न्या. दोन्हींना एकच नियम लावू नये.

---

रामबागची_मेधा
१९ जानेवारी, दुपारी ४:१०

धागा वर आणतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

आईचा उजवा गुडघा ७ तारखेला झाला. त्याआधी हिमोग्लोबिन ११.६ पर्यंत आलं होतं. त्यामुळे रक्त द्यावं लागलं नाही.

ट्रोपोनिन आधी १७. दुसऱ्या दिवशी सकाळी २१. तिसऱ्या दिवशी ३३.

त्या ३३ च्या वेळी आई काय करत होती सांगू? वॉकर धरून उभी होती आणि फिजिओथेरपीवाल्या मुलीला विचारत होती, तुझं लग्न झालं का. छातीत दुखणं नाही, घाम नाही, चहा दोनदा मागितला. (काकू, तुमच्यामुळे मी चहावर लक्ष ठेवून होते.) तरी डॉक्टरांनी ईसीजी केला, थोडा बदल होता. ऑक्सिजन, किडनी, पायातल्या गुठळ्या सगळं पाहिलं. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा इको केला, पंपिंग तेवढंच. चौथ्या दिवशी ट्रोपोनिन २६, उतरला. अॅस्पिरिन आणि स्टॅटिन सुरू, दवाखान्यात दोन दिवस जास्त, सहा आठवड्यांनी परत दाखवायचं.

काल आई जिना उतरली. सरळ. तोंड पुढे करून. मी मागे होते, तिने वळून ओरडून सांगितलं, मागे राहू नकोस, पुढे हो, तुझ्या अंगावर पडेन.

---

सुधाकाकू
१९ जानेवारी, दुपारी ४:४०

देव पावला! चहा मागितला ना, मग काळजी नाही. डॉक्टर, हसू नका.

---

शंकेखोर
१९ जानेवारी, सायंकाळी ६:०२

मेधाताई, अभिनंदन, आईंना नमस्कार. पण माझी जित्याची खोड. ३३ काढलाच नसता तर आई आज जिना उतरल्या असत्याच की?

---

भूलचूक
१९ जानेवारी, रात्री १०:००

बहुधा हो. एका पेशंटवरून याचा निकाल लागत नाही, काकूंवरूनही लागत नाही. पण तिसऱ्या दिवशी ३३, आधीच्या १७ पेक्षा १६ ने जास्त, याला आमच्या व्याख्येत "हृदयाला इजा" म्हणतात. अशा लोकांना पुढचं वर्षभर जास्त जपावं लागतं. आईंच्या बारा वर्षांच्या साखरेला आजवर स्टॅटिन नव्हती, ती आता मिळाली. गुडघ्याच्या निमित्ताने का होईना.

---

शंकेखोर
१९ जानेवारी, रात्री १०:१५

स्टॅटिन नव्हती?? बारा वर्षं? मग रक्त तपासायची काय गरज, नुसतं औषधाचं पाकीट तपासलं असतं.

---

भूलचूक
१९ जानेवारी, रात्री १०:१८

इथे मात्र पूर्ण सहमत.

---

खवय्या५६
२० जानेवारी, सकाळी ८:३०

आई चालत्या झाल्या, आता सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (कंद). थंडी संपायच्या आत.

---

रामबागची_मेधा
२० जानेवारी, सकाळी ९:५०

तळलेले गराडू आणि स्टॅटिन एकत्र? डॉक्टर ऑनलाइन आहेत हो. आईने दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर १७, २१, ३३, २६ असे आकडे लिहून ठेवलेत, दूधवाला काल गोंधळला. डाव्या गुडघ्याच्या वेळी जुळवायला म्हणे.

---

नवीन_सदस्य_पाटणीपुरा
२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार, धागा पूर्ण वाचला. वडील ६८, पुढच्या महिन्यात हिप बदलायचं आहे. बीएनपी ९८ आलाय. ३०० च्या खूप खाली आहे, म्हणजे निश्चिंत ना?

---

लॅबवाली
२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नाही, थांबा. रिपोर्टवर नुसतं बीएनपी लिहिलंय की एनटी-प्रोबीएनपी? दोन वेगळ्या तपासण्या आहेत. नुसत्या बीएनपीची रेघ ९२ आहे, ३०० नव्हे. ९८ म्हणजे रेघेच्या वर. भुलीच्या डॉक्टरांना दाखवा.

---

रामबागची_मेधा
२ फेब्रुवारी, रात्री १०:०५

आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, हिमोग्लोबिन किती आहे तुमच्या वडिलांचं? आणि बाणाकडे बघू नका म्हणाली, सगळ्या ओळी वाचा.